सीडी-फोर नंतर सांगा, आधी सकाळी किती वाजता उठता ते सांगा

२००८ साली एचआयव्ही असलेल्या एका रिक्षावाल्या दादांना, त्यांच्या रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा बघून, मी म्हणाले होते, "तुमचा सीडी-फोर ३८० आहे. चांगला आहे. गोळ्या आत्ता नकोत. सहा महिन्यांनी परत या." दादा खूश झाले. मीही खूश, कारण त्या दिवशी बाहेर बाकड्यावर अजून चाळीस माणसं बसलेली होती.

ते सहा महिन्यांनी आले नाहीत. अंगात काही दुखत-खुपत नाही, तर धंदा बुडवून इस्पितळात रांग लावायला कोण येतं? तीनेक वर्षांनी त्यांच्या भावाने त्यांना खांद्याला धरून आणलं. टीबी झाला होता, वजन एकोणचाळीस किलो आणि सीडी-फोर ४८. दादा वाचले, पण सव्वा वर्ष घरी बसले आणि रिक्षा विकावी लागली. मधल्या काळात वहिनींचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला होता.

तेव्हा मी पालिकेच्या एका रुग्णालयात एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांच्या उपचाराची, समुपदेशक होते. त्या दिवशी दिलेला सल्ला त्या वर्षीच्या नियमाला धरून होता. ज्यांचा रिपोर्ट नुकताच आलाय आणि "गोळ्या लगेच सुरू करू की थांबू?" हा प्रश्न ज्यांच्या डोक्यात फिरतोय, त्यांना तो नियम का बदलला हे ठाऊक असायला हवं. गल्लीतले, नात्यातले, कधी कधी एखादे जुने डॉक्टरसुद्धा अजून त्याच जुन्या नियमाच्या आधारावर बोलत असतात.

सीडी-फोर ही रक्तातली एक प्रकारची पांढरी पेशी. शरीराच्या संरक्षणाची सूत्रं तिच्याकडे असतात. निरोगी माणसात रक्ताच्या एका थेंबाहूनही लहान मापात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, ढोबळमानाने ५०० ते १५०० सीडी-फोर असतात. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो. तो कसा शिरतो हे मी मुंबईच्या माणसाला मुंबईच्या भाषेत सांगते.

समजा, पागडीच्या खोलीत एक घुसखोर शिरला. नुसता राहिला तर त्याला कधीतरी हुसकता येईल. पण तो हुशार आहे. आधी खोटी कागदपत्रं लिहितो आणि मग ती वापरून तुमच्या रेशनकार्डावर स्वतःचं नाव चढवून घेतो. नाव एकदा चढलं की खोली त्याचीही झाली. मग तुमच्याच खर्चाने तो तिथे स्वतःसारखे आणखी घुसखोर तयार करतो, ते शेजारच्या खोल्यांत शिरतात आणि मूळ खोली काही दिवसांत कोसळते. विषाणू हेच करतो. आपला मजकूर तो आपल्या पेशीला कळेल अशा लिपीत उतरवतो, मग तो मजकूर पेशीच्या जनुकांत शिवून टाकतो.

आज सरकारी केंद्रात बहुतेक मोठ्या माणसांना जी गोळी मिळते तिला सगळे टीएलडी म्हणतात. एकाच गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम. पहिली दोन औषधं खोटी कागदपत्रं लिहिली जात असतानाच शाई सांडतात. तिसरं रेशनकार्डावर नाव चढू देत नाही. तिघं मिळून रोज पहाऱ्यावर असले की नवीन खोली बळकावली जात नाही, आणि शरीर हळूहळू नव्या पेशी तयार करून घर सावरतं.

मात्र ज्या थोड्या पेशींत नाव आधीच चढलंय, त्यातल्या काही वर्षानुवर्षं झोपून राहतात. तिथे या औषधाला काही करता येत नाही, कारण तिथे काही घडतच नसतं. पहारा उठला की त्यातली एखादी जागी होते. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच पुन्हा दिसायला लागतो तो त्यामुळे. "जन्मभर का?" याचं उत्तर एवढंच आहे. औषध कमजोर आहे असा त्याचा अर्थ नाही.

आता नियमाकडे येऊ. भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. औषध थोडं आणि माणसं खूप, म्हणून जे सगळ्यात आजारी त्यांना आधी, हा हिशोब होता: सीडी-फोर २०० च्या खाली गेला की गोळ्या. दुसरं कारण औषधं स्वतःच होती. त्या काळातल्या स्टॅव्हुडिनने गाल बसायचे, हातापायाची चरबी झडायची, तळव्यांना मुंग्या यायच्या. झिडोवुडिनने काहींचं हिमोग्लोबिन घसरायचं. नेव्हिरॅपिनने अंगावर पुरळ यायचं, कधी यकृत बिघडायचं. अशा गोळ्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाला कित्येक वर्षं आधी सुरू करायच्या का, हा प्रश्न तेव्हा रास्तच होता. एचआयव्हीच्या गोळ्यांनी माणूस ओळखू येतो ही जी भीती आजही चाळीत ऐकू येते, ती त्या बसलेल्या गालांची आठवण आहे. स्टॅव्हुडिन कधीच मागे पडलं, भीती तेवढी राहिली.

पुढे रेषा ३५० वर आली, मग ५०० वर. आणि २८ एप्रिल २०१७ ला केंद्र सरकारने रेषाच पुसली. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर सीडी-फोर ५० असो वा ९००, उपचार मिळणार. जागतिक आरोग्य संघटनेने हे २०१५ मध्येच सांगितलं होतं.

हे कुणाच्या मनात आलं म्हणून झालेलं नाही. स्मार्ट नावाच्या अभ्यासात साडेपाच हजारांच्या आसपास लोक होते. काहींची औषधं अखंड चालू ठेवली, काहींची सीडी-फोर चांगला असताना मध्ये बंद केली. विश्रांती दिली की शरीराला बरं वाटेल, असा कयास होता. बंद केलेल्या गटात मृत्यू आणि गंभीर आजार इतके वाढले की २००६ च्या जानेवारीत तो प्रकार थांबवावा लागला. नंतरचा स्टार्ट अभ्यास ३५ देशांत झाला, ४,६८५ लोकांवर. सगळ्यांचा सीडी-फोर ५०० च्या वर, म्हणजे माझ्या रिक्षावाल्या दादांपेक्षा कितीतरी बरा. अर्ध्यांना लगेच गोळ्या दिल्या, अर्ध्यांना ३५० पर्यंत थांबवलं. २०१५ मध्ये हिशोब मांडला तेव्हा लगेच सुरू केलेल्यांत ४२ जणांना गंभीर आजार किंवा मृत्यू आला होता, थांबलेल्यांत ९६ जणांना. म्हणजे धोका निम्म्याहून कमी झाला होता. टीबी आणि काही प्रकारचे कॅन्सर, यांत फरक ठळक दिसला.

यामागचं कारण साधं आहे. सीडी-फोरचा आकडा चांगला असतानाही विषाणूशी झटापट चालूच असते, आणि त्या सततच्या दाहाने रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, यकृत हळूहळू झिजत असतात. आकडा फार खाली येतो तो नंतर. भिंतीला ओल आधी येते, पोपडा नंतर पडतो. आम्ही इतकी वर्षं पोपड्याची वाट बघत होतो.

म्हणून "मला काही त्रासच नाही, मग गोळ्या कशाला?" याला माझं उत्तर: त्रास नाही तेव्हाच सुरू करा. तेव्हा औषध सोसतंही चांगलं.

मग ठरवायचं काय उरतं? दोन गोष्टी. एक डॉक्टर ठरवतात, एक तुम्ही.

डॉक्टरांची गोष्ट म्हणजे टीबी. मुंबईत तर हा प्रश्न पहिला. प्रत्येक भेटीत चार गोष्टी विचारतात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घामाने कपडे भिजतात का. पेशंटला वाटतं मॅडम तेच तेच विचारतायत. या चारांपैकी एकाला जरी "हो" असेल तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे आधी. टीबी निघालाच तर टीबीची औषधं प्रथम, आणि ती अंगाला लागली की साधारण दोन आठवड्यांच्या आत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा मेंदूज्वर असेल, तर मात्र एआरटी चार आठवड्यांहून जास्त मागे ठेवतात. म्हणून सतत डोकं दुखणं, उलट्या, मान ताठणं, धूसर दिसणं यांतलं काही असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. लपवून गोळ्या लवकर मिळतील, पण त्या महागात पडतील.

ते असं. सीडी-फोर फार खाली गेलेल्या माणसाच्या संरक्षक पेशींची पलटण इतकी विस्कटलेली असते की शरीरात लपलेला टीबी असला तरी तिला त्याच्याशी भांडता येत नाही. ताप नाही, गाठ नाही, सगळं शांत. एआरटीने पलटण सावरते आणि एकदम त्या जुन्या शत्रूवर तुटून पडते. मग गोळ्या सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत अचानक ताप, मानेत गाठी, धाप. याला डॉक्टर आयरिस म्हणतात. घरचे म्हणतात, "गोळ्यांनीच झालं, बंद कर." बंद करायच्या नाहीत, त्याच दिवशी केंद्रात यायचं. माझ्या अनुभवात सुरुवातीला उपचार सोडून गेलेल्यांत असे बरेच होते. बरे होत असताना त्यांना वाटलं आपण बिघडतोय, आणि हे आधी कुणी सांगितलेलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट तुमची: तयारी. आधीच्या काळी आम्ही तयारीच्या नावाखाली लोकांना तीन-चार चकरा मारायला लावायचो. घरचं माणूस घेऊन या, पुढच्या आठवड्यात अजून एक बैठक. बदलापूरहून अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून येणारी बाई दोनदा येते, तिसऱ्यांदा येत नाही. आता नियम आहे की शक्यतो सात दिवसांच्या आत गोळ्या सुरू व्हाव्यात, आणि माणूस तयार असेल, आजाराची वर सांगितलेली लक्षणं नसतील तर त्याच दिवशीही. घरचं कुणी बरोबर असेल तर उत्तम. कुणालाच सांगितलेलं नसेल तर त्यासाठी औषध अडवून ठेवत नाहीत.

दोन दिवस मागायचे असतील तर मागा. रिपोर्ट हातात घेऊन सुन्न बसलेल्या माणसाच्या डोक्यात त्या दिवशी काहीच शिरत नाही, हे मला माहीत आहे. पण दोन दिवसांचे दोन महिने होऊ देऊ नका. आणि या दोन दिवसांत "मी हे पाप का केलं" यावर विचार करण्याऐवजी "मी ही गोळी रोज किती वाजता, कुठे, कशी घेणार" यावर करा. सकाळी किती वाजता उठता, हे मी सीडी-फोरच्या आधी विचारायचे ते त्यासाठी.

मुंबईत या प्रश्नाला फार महत्त्व आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, एक कपाट, त्याची चावी सासूबाईंकडे. गोळी ठेवायची कुठे? एका ताईंनी डबी देवघरामागे ठेवली, कारण तिथे त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. एक सुरक्षा रक्षक दादा आठवड्याला शिफ्ट बदलायचे, मग आम्ही घड्याळ सोडून दिलं आणि गोळी उठल्यावरच्या पहिल्या चहाला बांधली. लोकलमध्ये पिशवीत डबी खुळखुळते म्हणून लोक तिच्यात कापूस कोंबतात. ही युक्ती मला पेशंटनीच शिकवली. डबीवरचं लेबल काढलं तर चालेल, पण गोळ्या खिडकीतल्या ओलसर जागी किंवा कागदाच्या पुडीत ठेवू नका. पावसाळ्यात मात्र तीन-चार गोळ्या कोरड्या छोट्या डबीत कायम बॅगेत असू द्या. या शहरात रुळांवर पाणी भरलं की माणूस रात्रभर ऑफिसात अडकतो, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

टीएलडी जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, उपाशीपोटी घ्या, चालते. उपवासाला चालते. रोज्यात सहरीला किंवा इफ्तारीला, पण रोज एकाच वेळी. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. आणि हे जरा धाडसाने सांगते, कारण पुष्कळ पुरुष माझ्यापाशी खोटं बोलायचे: दारू प्यालात म्हणून गोळी टाळू नका. दारू वाईटच, यकृतावर भार पडतोच. पण "आज घेतलीय, म्हणून गोळी नको" असं करत करत शनिवार-रविवार कायमचे गोळीविना जातात, आणि अर्धवट औषधात विषाणू फोफावतो. तो स्वतःच्या नकला काढताना सतत चुका करतो. पूर्ण औषध असेल तर नकलाच निघत नाहीत. अर्धवट असेल तर जी चुकीची नक्कल औषधाला दाद देत नाही नेमकी तीच तगते. पुढे तिचंच राज्य, आणि सोपी गोळी हातची जाते. तीस गोळ्यांच्या डबीत महिन्याला एखादी चुकली तर आभाळ कोसळत नाही. त्यापेक्षा जास्त चुकायला लागल्या तर येऊन सांगा. उरलेल्या गोळ्या समुद्रात टाकून रिकामी डबी आणणारे मी पाहिलेत. केंद्रात होणारी उरलेल्या गोळ्यांची मोजणी त्यांना पकडण्यासाठी नव्हतीच.

पहिल्या दिवशी काय होतं? आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर तपासून रिपोर्ट नक्की झाला की तो घेऊन एआरटी केंद्रात जायचं. मुंबईत जे. जे., केईएम, नायर, सायन अशा मोठ्या रुग्णालयांत केंद्रं आहेत, उपनगरांतही आहेत. घराजवळच्याच केंद्रात जायला हवं असं नाही. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून विरारचा माणूस परळला येतो आणि परळचा दुसरीकडे कुठे जातो, हे आम्हाला सवयीचं आहे. फक्त दर वेळी तेवढा प्रवास झेपेल का, ते बघा.

नोंदणी होते, वजन-उंची होते, बऱ्याच नळ्या रक्त घेतात: हिमोग्लोबिन, साखर, यकृत, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, आणि हो, सीडी-फोर. "आकडा बघून गोळ्या देत नाही, मग आकडा कशाला?" हा चांगला प्रश्न आहे. तो २०० च्या खाली असेल तर बुरशी, टीबी वगैरे जास्त कसून शोधायचं असतं, आणि कमी आकडेवाल्यांना कोट्रायमोक्साझोल नावाची अजून एक गोळी काही काळ देतात. टीबी नाही अशी खात्री झाली की टीबी होऊ नये म्हणूनही औषध देतात. म्हणजे सुरुवातीला एकाच्या तीन गोळ्या होतात. घाबरू नका, त्यातल्या दोन पुढे बंद होतात.

एक हिरवं पुस्तक मिळतं. ते जपा. गावी गेल्यावर गोळ्या संपल्या तर कुठल्याही जिल्ह्याच्या केंद्रात तेच दाखवायचं असतं. गणपतीला कोकणात किंवा मे महिन्यात साताऱ्याकडे जाणार असाल तर आधी सांगा, जास्तीच्या गोळ्यांची सोय होते. कायमचं गाव गाठणार असाल तर नाव तिकडे बदलून देतात. हे सगळं, तपासण्या धरून, मोफत आहे. याच शहरातल्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून दाखवला. परदेशी कंपन्या त्याच उपचाराचे वर्षाला दहा हजार डॉलर आणि वर घेत होत्या. आज कुणी कुरकुर करत गोळी गिळताना दिसलं की मला हे आठवतं. पण कुरकुर करण्याचाही हक्क आहेच.

पहिले दोन-तीन आठवडे मळमळ, डोकेदुखी, पोट थोडं सैल, झोप उडणं, यांतलं काही होऊ शकतं. बहुतेकांचं आपोआप जातं, काहींना काहीच होत नाही. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्या. जुन्या पेशंटकडून रात्रीच्या विचित्र स्वप्नांच्या गोष्टी ऐकाल. त्या एफाविरेन्झ या जुन्या औषधाच्या. टीएलडीत ते नाही. वजन वाढतं, काहींचं जरा जास्तच, आणि थोड्यांची साखर चढते. घरात मधुमेह असेल तर ते सांगा. मेटफॉर्मिन घेत असाल तर नक्की सांगा, डोलुटेग्राविरबरोबर तिचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. टेनोफोविरसाठी क्रिएटिनिन अधूनमधून तपासतात. अंगभर पुरळ, डोळे पिवळे, धाप, सतत उलट्या, यांना मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

आता एक गोष्ट, जी ओपीडीच्या घाईत हमखास राहून जाते. वडापाव, चहा, उशिराचं जेवण, त्यामुळे अर्ध्या मुंबईच्या खिशात अ‍ॅसिडिटीची गोळी नाहीतर गुलाबी औषध असतं. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अँटासिड पोटात डोलुटेग्राविरला चिकटून बसतं आणि ते रक्तात जाऊच देत नाही. एक माणूस दीड वर्षं एकही गोळी चुकवत नव्हता, तरी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूंचा आकडा, खाली येईना. रोज सकाळी टीएलडीवर लगेच अँटासिडचा घोट. टीएलडी आधी घ्या आणि अँटासिड निदान दोन तासांनी. किंवा अँटासिड आधी घेतलं असेल तर टीएलडी सहा तासांनी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच, फक्त त्या जेवणासोबत टीएलडीबरोबरच घेतल्या तर चालतात. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ते डोलुटेग्राविर लवकर संपवतं, म्हणून बारा तासांनी डोलुटेग्राविरची आणखी एक गोळी देतात. ती "जास्तीची" समजून सोडू नका. काढे, चूर्णं, "शर्तिया इलाज" वाले यांच्याबद्दल एवढंच: घ्यायचंच असेल तर निदान आम्हाला दाखवा. आणि त्यांच्या शब्दावर टीएलडी थांबवू नका.

गरोदर बाईंनी तर एक दिवसही थांबू नये. उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५, नीट उपचारात ती पाचाच्या खाली येते. बाळालाही जन्मल्यावर काही आठवडे औषध देतात, आणि सहा आठवड्यांपासून त्याच्या तपासण्या सुरू होतात.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड मोजतात. मग बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. सगळं नीट असेल तर कागदावर येतं "टार्गेट नॉट डिटेक्टेड". हा कागद हातात घेऊन किती जण नाचत आले आणि म्हणाले, "मॅडम, गेला!" गेला नाही. झोपला आहे, रेशनकार्डावर नाव आहे. पण नाचायला हरकत नाही, कारण विषाणू इतका दबून राहिलेला माणूस शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण देत नाही. "कमी देतो" असं नव्हे, देतच नाही. नऊ देशांत, त्यात भारतही, १,७६३ जोडप्यांवर झालेल्या अभ्यासात २०११ ला दिसलं की लवकर उपचारांनी जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी टळते. नंतर पार्टनर अभ्यासाच्या दोन टप्प्यांत, २०१६ आणि २०१९ ला, विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून कंडोमशिवायच्या संबंधांतही एकही लागण सापडली नाही. बाकीच्या गुप्तरोगांसाठी कंडोम हवाच. पण रात्री पलंगाच्या दोन टोकांना झोपणाऱ्या नवराबायकोंना हे वाक्य नीट समजावून सांगणं, माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात आवडतं काम होतं. रिक्षावाल्या दादांना मी ते २००८ साली सांगू शकले असते तर, हा विचार अजून सुटत नाही.

कागद कोरा आला तरी गोळी थांबत नाही. कावीळ बी असेल तर आणखीच नाही, कारण टेनोफोविर आणि लॅमिवुडिन तिलाही दाबून ठेवतात; अचानक बंद केलं तर ती उसळते. व्हायरल लोड १,००० च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी शांतपणे बसून गोळ्या कुठे सुटतायत ते शोधतात, तीन महिने नीट घेऊन परत मोजतात. बहुतेक वेळा कारण विषाणू नसतो. बदललेली शिफ्ट, सासरी गेलेली मुलगी, नाहीतर ते गुलाबी औषध.

सांगायचं कुणाला, हा तुमचा निर्णय. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी नाही, तुमचा रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही, आणि या कारणावरून नोकरीवरून काढणं, इलाज नाकारणं, घर नाकारणं बेकायदा आहे. कायदा आहे म्हणून सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही. कारखान्यातल्या, सोसायटीतल्या कुजबुजीपुढे तो पुष्कळदा तोकडा पडतो. तरी एका तरी माणसाला सांगून ठेवा. ताप चढून तुम्ही पडलात तर डबी कुठे आहे हे कुणाला तरी माहीत हवं.

फोनवर आधी बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही. केंद्रात येताना आयसीटीसीचा रिपोर्ट, पत्त्याचा पुरावा, जुने एक्स-रे, आणि सध्या घेताय त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, अ‍ॅसिडिटीचीसुद्धा. उपाशी यायची गरज नाही, चहा-पोळी खाऊन या, रक्त बरंच काढतात. आणि जमलं तर सोमवार सोडून या. सोमवारी गर्दी फार असते, बोलायला वेळ मिळत नाही.